जुन्या पद्मिनीचे ब्रेक

मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी रस्त्यावरून कायमची निवृत्त झाली, तेव्हा अनेक घरांत हळहळ व्यक्त झाली. व्यापारी घरांत ती जरा अधिकच होती. ज्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी तयार होत असे, तिची स्थापना १९४४ साली वालचंद हिराचंद यांनी केली. सोलापूरच्या जैन व्यापारी घराण्यातला हा माणूस जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही उद्योगांत उतरला. १९६४ पासून तेथे फियाट ११०० डिलाइट तयार होऊ लागली आणि सत्तरच्या दशकात तिलाच पद्मिनी हे नाव मिळाले. टॅक्सीला मुंबईत वीस वर्षांची मर्यादा होती. खासगी गाडीला महाराष्ट्रात तशी सरसकट मर्यादा नाही. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करून ती चालवता येते. त्यामुळे अनेक पेढ्यांच्या मागच्या अंगणात आजही एखादी पद्मिनी उभी असते, आणि रविवारी सकाळी घरातील ज्येष्ठ पुरुष तिच्यावर फडके फिरवीत असतात.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पेढी असलेल्या एका कुटुंबात अशीच १९८८ सालची गाडी आहे. ती अण्णांनी स्वतः घेतलेली, रोख पैसे देऊन. त्यांचे वय आज अठ्ठ्याहत्तर. मुलाकडे नवी गाडी आहे, पण पेढीवर जाण्यासाठी अण्णांना पद्मिनीच लागते. गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी असलेली ही गाडी घरात त्यांच्याखेरीज एकच व्यक्ती सफाईने चालवते, ती म्हणजे पुण्यात वाणिज्य शाखेत शिकणारी त्यांची नात.

एका शनिवारी सौदे आटोपल्यावर नात अण्णांना घरी घेऊन निघाली होती. यार्डाच्या दरवाजाजवळ उभ्या असलेल्या ट्रकच्या आडून एक हमाल हातगाडी ओढीत अचानक समोर आला. गाडीवर पोत्यांची थप्पी होती. नातीने ब्रेक दाबला. पॅडल जवळजवळ तळाला टेकले आणि गाडी पुढे जातच राहिली. तिने पाय उचलून पुन्हा दाबला, तेव्हा कोठे चाके धरली. बंपर आणि हातगाडी यांच्यात हातभर अंतर उरले होते. हमालाने गाडी खाली टेकवली, कपाळावरचा घाम पुसला आणि एवढेच म्हणाला, "ताई, ब्रेक बघून घ्या."

शेजारी बसलेले अण्णा म्हणाले, "तुला सांगितलं होतं ना, ही गाडी दोनदा दाबावी लागते."

नात काही बोलली नाही. घरी आल्यावर तिने किल्ली आजोबांच्या हातात न देता देवघराशेजारच्या खिळ्याला अडकवली आणि ब्रेक दुरुस्त झाल्याशिवाय ही गाडी कोणीही बाहेर काढायची नाही असे सांगितले. त्या घरात अण्णांना असे पूर्वी कोणी सांगितले नव्हते.

अण्णांचे म्हणणे सर्वस्वी खोटे नव्हते. ती गाडी खरोखरच दोनदा दाबली की थांबत असे, आणि अण्णा ती कित्येक वर्षे तशीच थांबवीत आले होते. ब्रेक एका दिवसात बिघडत नाहीत. ते महिन्याला थोडेथोडे उतरत जातात आणि चालवणारा नकळत तेवढाच लवकर पाय ठेवू लागतो, पुढच्या गाडीपासून तेवढेच जास्त अंतर राखू लागतो. बँकेत एखादे खाते वर्षानुवर्षे उशिराने हप्ता भरत असते आणि सर्वांना त्याची सवय होते, तसेच हे. थकबाकी आहे हे कळण्यासाठी नवा अधिकारी यावा लागतो. येथे ते काम नातीने केले.

पुढे काय करावे याविषयी घरात दोन मते पडली. मुलाचे मत असे की एवढा खर्च करायचाच तर पुढच्या चाकांना सरळ डिस्क ब्रेक बसवून घ्यावेत. पद्मिनीला मुळात चारही चाकांना ड्रम असतात आणि आजच्या रहदारीत त्यांचा निभाव लागत नाही. अण्णांचे मत असे की गाडी ज्या ब्रेकवर तीस वर्षे चालली त्यात मुळात दोष असणे शक्य नाही. दोघेही अंशतः बरोबर होते. निर्णय मात्र मिरज रस्त्यावरच्या एका वयोवृद्ध मिस्त्रींनी केला, आणि तोही गाडीखाली न शिरता. त्यांनी सीटवर बसून इंजिन सुरू न करता पॅडल चार-पाच वेळा दाबून पाहिले.

जुन्या गाडीचे पॅडल पुष्कळ काही सांगते. पहिल्या दाबाला खोल जाणारे आणि दुसऱ्या-तिसऱ्या दाबाला वर येणारे पॅडल असेल, तर बहुधा ब्रेक शू झिजून ड्रमपासून दूर गेलेले असतात. शू ड्रमला टेकेपर्यंतच पॅडलचा सारा प्रवास संपतो. अशा वेळी नव्या भागांची नव्हे, समायोजनाची गरज असते. मिस्त्री लोक त्याला 'ब्रेक टाइट करणे' म्हणतात. पॅडल स्पंजासारखे मऊ लागत असेल तर नळ्यांत हवा शिरलेली असते किंवा जुने रबरी होज दाबाखाली फुगत असतात. पाय दाबून धरला असता पॅडल सावकाश खाली सरकत राहिले, तर मास्टर सिलिंडरमधील रबरी वॉशर निकामी झाले आहेत किंवा कोठे तरी गळती आहे असे समजावे. या एका लक्षणावर गाडी गॅरेजबाहेर काढू नये. आणि पॅडल कडक, उंच, पण गाडी मात्र थांबत नाही, असे झाले तर दोष लायनरमध्ये शोधावा. ते तापून काचेसारखे गुळगुळीत झालेले असते, किंवा तेलाने माखलेले.

अण्णांच्या गाडीत यापैकी तीन गोष्टी एकत्र नांदत होत्या. ड्रम काढल्यावर उजव्या बाजूचे लायनर बरे निघाले. डाव्या बाजूच्या व्हील सिलिंडरमधून मात्र तेल झिरपून लायनर काळे पडले होते. गाडी ब्रेक मारताच किंचित उजवीकडे ओढते हे घरात सर्वांना ठाऊक होते. रस्ता उतरता असेल, असे प्रत्येकाने गृहीत धरले होते. तेलाने भिजलेले लायनर सॅंडपेपरने घासून किंवा पेट्रोलने धुऊन परत बसवण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. तिचा उपयोग नाही. तेल लायनरच्या आत मुरलेले असते आणि ड्रम तापला की ते पुन्हा पृष्ठभागावर येते. शिवाय लायनर नेहमी एका धुऱ्याच्या दोन्ही चाकांचे एकदम बदलावे लागते, अन्यथा एक बाजू जोरात धरते, दुसरी हळू, आणि ओल्या रस्त्यावर गाडी फिरते.

ड्रमच्या आतल्या बाजूला बोटाने चाचपल्यावर चरे लागत होते. पूर्वी केव्हा तरी लायनर रिबेटपर्यंत झिजले आणि त्या रिबेटांनी ड्रम खरवडला होता. असा ड्रम लेथवर काढून पुन्हा गोल करता येतो, परंतु त्याला मर्यादा आहे. प्रत्येक ड्रमचा जास्तीत जास्त व्यास उत्पादकाने ठरवून दिलेला असतो. त्यापुढे धातू काढला की भिंत पातळ होते, उष्णता सामावून घेण्याची ताकद कमी होते आणि तडा जाण्याचा धोका वाढतो. लेथवाल्याला 'साफ करून द्या' एवढेच सांगणे पुरेसे नाही. मोजून घ्यावे लागते. ड्रमचा व्यास वाढला की नव्या शूची गोलाईही त्याच्याशी जुळवून घ्यावी लागते, नाहीतर शू फक्त मधोमध टेकतो आणि नवे लायनर घालूनही गाडी जुन्यासारखीच थांबते. पुष्कळांची तक्रार येथेच असते: सगळे नवे घातले, फरक काही पडला नाही.

या कामात आरोग्याचाही एक मुद्दा आहे, जो गॅरेजमध्ये सहसा कोणी उच्चारत नाही. जुन्या लायनरमध्ये ॲसबेस्टॉस असे. ड्रम उघडला की आत बारीक काळी धूळ साठलेली दिसते आणि कामावरचा पोरगा कॉम्प्रेसरची हवा मारून ती उडवतो. ॲसबेस्टॉसचे तंतू फुप्फुसात जाऊन बसतात आणि त्यांचे दुष्परिणाम अनेक वर्षांनी दिसतात, म्हणून ही धूळ ओल्या फडक्यानेच पुसली पाहिजे. नातीने तेथे उभे राहून पाण्याची बादली मागवली, तेव्हा पोरगा हसला. मिस्त्री हसले नाहीत.

यानंतरचा विषय ब्रेक ऑइलचा. नाव ऑइल असले तरी हे इंजिनच्या तेलासारखे खनिज तेल नव्हे, आणि हा घोटाळा महागात पडतो: खनिज तेलाचे थोडे थेंब जरी यात गेले तरी सर्व रबरी वॉशर फुगून निकामी होतात. म्हणून सिलिंडरचे भाग केरोसीन वा पेट्रोलने धुवायचे नसतात. नेहमीच्या वापरातील डॉट ३ आणि डॉट ४ या तेलांचा आणखी एक स्वभाव असा की ती हवेतील ओलावा शोषून घेतात. कोऱ्या डॉट ३ तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो; त्यात पाऊणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरले की तो १४० पर्यंत उतरलेला चालतो. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. म्हणजे तेल डब्यात भरलेले दिसत असते, पातळीही पुरी असते, पण त्याची पत घटलेली असते. घाटात ब्रेक तापले की ते उकळते, त्याची वाफ होते, आणि वाफ दाबली जात असल्यामुळे पॅडल एकाएकी पोकळ होऊन खाली जाते. गाडी थंड झाल्यावर सर्व काही पूर्ववत चालते. गॅरेजमध्ये दाखवायला नेले तर दोष सापडत नाही. दर दोन वर्षांनी तेल बदलण्याचा सल्ला देतात तो यासाठी. अण्णांच्या गाडीतून निघालेले तेल उकळलेल्या चहाच्या रंगाचे होते. ते शेवटचे केव्हा बदलले याची नोंद नव्हती. मधल्या वर्षांत वरून भर घातली जात होती एवढेच.

होज बदलणे हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित काम. बाहेरून धड दिसणारी रबरी नळी आतून सुजलेली असते. मग दाब जाताना जातो पण पाय उचलल्यावर परत येत नाही, ते चाक अर्धवट धरलेले राहते, तापते, आणि पेट्रोल जास्त लागते म्हणून लोक कार्ब्युरेटर उघडत बसतात.

शेवटी हवा काढणे. बहुतेक गाड्यांत मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून सुरुवात करतात. एकजण पॅडल दाबून धरतो, दुसरा निपल उघडून पारदर्शक नळीतून तेल बाटलीत सोडतो आणि पाय उचलण्यापूर्वी निपल बंद करतो. या दोघांचा ताळ जमला पाहिजे. वरचा डबा मध्येच रिकामा झाला तर केलेले सारे काम वाया जाते. बाटलीतले तेल परत डब्यात ओतायचे नाही, ते कितीही स्वच्छ दिसले तरी. येथे अण्णांचा हात पुढे आला होता. मिस्त्रींनी तो नम्रपणे अडवला.

डिस्कच्या प्रश्नावर मिस्त्री म्हणाले, "शेठ, बसवून देईन. पण मग अर्धं काम नाही करायचं."

त्यांचा मुद्दा सार्थ होता. ड्रम ब्रेकमध्ये फिरणारा ड्रम पुढच्या शूला आपल्याबरोबर ओढून आणखी घट्ट दाबतो. थोडे बळ फुकटात मिळते. डिस्कमध्ये ते मिळत नाही, म्हणून डिस्कला तेलाचा दाब जास्त लागतो आणि त्यासाठी पॅडलच्या मदतीला व्हॅक्युम बूस्टर द्यावा लागतो. कॅलिपरचा पिस्टन मोठा असतो. त्याला पुरेल इतके तेल ढकलणारा मास्टर सिलिंडरही हवा, नाहीतर पॅडल पुन्हा तळाला जाते. ड्रमच्या जुन्या रचनेत नळ्यांत थोडा दाब टिकवून ठेवणारा एक व्हॉल्व्ह असतो, तो तसाच राहिला तर डिस्क सतत घासत राहते. आणि सर्वांत नाजूक प्रश्न पुढच्या व मागच्या चाकांच्या समतोलाचा. ब्रेक मारताच गाडीचे वजन पुढे झुकते व मागची चाके हलकी होतात. ती आधी अडकली तर गाडीची शेपटी फिरते. कारखान्यात हा समतोल मोजून साधलेला असतो. दुसऱ्या गाडीचे सुटे भाग जुळवून तो आपोआप साधत नाही. डिस्कचा खरा गुण उष्णता लवकर टाकणे आणि पाण्यातून गेल्यावर लवकर कोरडे होणे हा आहे. रोज घाट चढणाऱ्या-उतरणाऱ्याला तो मोलाचा वाटेल. पेढी ते घर एवढ्या प्रवासाला मात्र ड्रमच, पण कारखान्यातून आले त्या स्थितीतले, पुरतात.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे कलम कडकपणे उचलून धरले. ब्रेकमधला कोणता बदल यात बसतो हे परिवहन कार्यालयात आधी विचारावे, आणि विमा कंपनीला तो लेखी कळवावा. दावा मंजूर करताना कंपनी जी पहिली फट शोधते ती हीच. व्यापाऱ्याला हे वेगळे सांगायला नको.

डिस्कचा विचार बाजूला पडला. मात्र नातीच्या आग्रहाने आणखी दोन गोष्टी झाल्या. पहिली, हँडब्रेक. जुन्या धाटणीच्या अनेक गाड्यांत मास्टर सिलिंडर एकेरी असतो. एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक जातात. तेव्हा केबलवर चालणारा, तेलाच्या दाबावर अवलंबून नसलेला हँडब्रेक हाच एक आधार उरतो. अण्णांच्या गाडीचा हँडब्रेक केवळ शोभेला होता. ते उतारावर चाकाखाली वीट लावत. दुसरी गोष्ट, टायर. त्यांची नक्षी खोल होती, म्हणून कोणाला शंका आली नव्हती. पण टायरच्या भिंतीवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. तेथे ०९११ वाचल्यावर ते २०११ सालच्या नवव्या आठवड्यातले निघाले. रबर कडक झाले होते. ब्रेक चाक थांबवतो, गाडी टायर थांबवते. कायद्याने नक्षी १.६ मिलिमीटर असली पाहिजे, परंतु रबराच्या वयाचा हिशेब तीत येत नाही.

अण्णांचे मन खऱ्या अर्थाने वळले ते गणितामुळे. वेग दुप्पट झाला की गाडीत साठलेली ऊर्जा चौपट होते, हे नातीने त्यांना चक्रवाढीच्या भाषेत सांगितले. ताशी ६० किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते. समोरचे संकट दिसून पाय पॅडलवर येईपर्यंत एक सेकंद धरला, तर तेवढे अंतर ब्रेक लागण्यापूर्वीच संपते. त्यानंतर चांगल्या ब्रेकने आणखी सुमारे २० मीटर, आणि तीस टक्के कमजोर ब्रेकने सुमारे २८ मीटर. "आठ मीटर म्हणजे किती?" असे अण्णांनी विचारले. तिने पेढीच्या ओट्यापासून रस्त्यापर्यंत पावले मोजून दाखवली. दोन हातगाड्या मागे-पुढे सहज उभ्या राहिल्या असत्या.

पुढच्या महिन्यात मुंबईला लग्न होते आणि अण्णांना पद्मिनीनेच जायचे होते. त्यामुळे प्रश्न घाटाचा आला, आणि एका जुन्या सवयीचाही. उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकून पेट्रोल वाचवणे ही त्या पिढीची रीत. अण्णा खंबाटकीपासून असे करीत. नातीने कागदावर हिशेब मांडला: गाडीचे वजन सुमारे नऊशे किलो, पाच माणसे आणि सामान धरून साडेबाराशे. खंडाळ्याहून खोपोलीला उतरताना ती साधारण पाचशे मीटर खाली येते. एवढ्या उतारात जी ऊर्जा मोकळी होते तिच्यात २० लिटर पाणी २७ अंशांवरून उकळीला येईल. गिअरमध्ये उतरले तर तिचा मोठा वाटा इंजिन आणि थोडा वारा उचलतो. न्यूट्रलमध्ये बहुतेक सारी चार ड्रममध्ये जाते. ड्रम तापून फुगतो, शूपासून दूर जातो. लायनरची पकड ढिली पडते. तेल उकळू लागते. तिन्ही गोष्टी एकाच वेळी, आणि त्याच वळणावर. ज्या गिअरमध्ये घाट चढावा त्याच गिअरमध्ये उतरावा, ही ट्रकवाल्यांची जुनी शिकवण याच हिशेबावर उभी आहे. ब्रेकवर सतत पाय ठेवून घसटत जाण्यापेक्षा थोडा वेळ नीट दाबून वेग उतरवावा आणि मग पाय पूर्ण उचलावा, म्हणजे ड्रमला श्वास घ्यायला वेळ मिळतो. पोट्याच्या जळण्यासारखा वास आला तर गाडी बाजूला घेऊन उभी करावी. तापलेल्या ड्रमवर पाणी मात्र मारू नये, ओतीव लोखंड तडकते.

"आणि पेट्रोल?" अण्णांनी विचारले.

"पन्नास-शंभर रुपये वाचत असतील," ती म्हणाली. "त्यासाठी तुम्ही पाचजणांची जामीनकी देता."

नवे लायनर पहिले काही शे किलोमीटर ड्रमशी पूर्ण जुळलेले नसते. त्या काळात एकदम जोराचा ब्रेक टाळावा आणि नंतर एकदा पुन्हा समायोजन करून घ्यावे, असे मिस्त्रींनी बजावले होते. म्हणून तीन आठवडे नात आणि अण्णा रोज संध्याकाळी मिरजेपर्यंत जाऊन येत. रिकाम्या रस्त्यावर ताशी ४० च्या वेगात ती ब्रेक मारी आणि अण्णा हात मांडीवर ठेवून गाडी सरळ थांबते का ते पाहत. चौथ्या दिवशी ते स्वतः चाकावर बसले. पहिल्याच ब्रेकला गाडी इतकी जोरात थांबली की त्यांची टोपी पुढे पडली. त्यांचा पाय अजून जुन्याच ब्रेकच्या हिशेबाने दाबत होता.

लग्नाला पद्मिनी गेली. बोरघाट तिने दुसऱ्या गिअरमध्ये उतरला, मागे दोन-तीन गाड्या हॉर्न वाजवीत होत्या. खोपोलीत चहासाठी थांबल्यावर अण्णांनी उतरून चारही चाकांजवळ हात नेला, तापलेले आहे की नाही ते पाहिले, आणि चारही सारखीच कोमट असल्याचे नातीला सांगितले. पेढीच्या जुन्या लाल वहीत, जेथे पूर्वी गाडीच्या नावाने फक्त पेट्रोल आणि टोल लिहिलेला असे, तेथे आता त्यांच्या अक्षरात ब्रेक ऑइल बदलल्याची तारीख आहे आणि तिच्यापुढे दोन वर्षांनंतरची.